एगास मोनिझ

आंतोनियो काएतानो दे आब्रेउ फ्रेयर एगास मोनिझ (२९ नोव्हेंबर, इ.स. १८७४ : आवांका, पोर्तुगाल – १३ डिसेंबर, इ.स. १९५५ : लिस्बन, पोर्तुगाल) हे पोर्तुगीज मज्जाविकारतज्ज्ञ, प्राध्यापक, राजकारणी आणि लेखक होते. जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविण्याची पद्धत, म्हणजेच मस्तिष्क-वाहिनीचित्रण (सेरेब्रल अँजिओग्राफी), त्यांनी १९२७ मध्ये शोधून काढली. मेंदूतील धमनीविस्फारांवर, म्हणजे अ‍ॅन्युरिझमवर, आज रक्तवाहिनीच्या आतूनच जे उपचार होतात, त्यांचा पाया या शोधाने घातला गेला. त्यांना १९४९ चे शरीरक्रियाविज्ञान व वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मात्र या शोधासाठी मिळाले नाही. ते मानसिक रुग्णांच्या मेंदूवरील ल्युकोटॉमी या शस्त्रक्रियेसाठी मिळाले. ती शस्त्रक्रिया पुढे वैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत वादग्रस्त उपचारांपैकी एक ठरली. त्यामुळे मोनिझ यांचे नाव एकाच वेळी आदराने आणि संतापाने घेतले जाते.

जन्म, नाव आणि शिक्षण

मोनिझ यांचा जन्म उत्तर पोर्तुगालमधील आवांका या गावी जुन्या जमीनदार घराण्यात झाला. जन्मतः त्यांच्या नावात एगास मोनिझ हे शब्द नव्हते. बाराव्या शतकात पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रीक्स याचा पालक आणि गुरू असलेल्या एगास मोनिझ या सरदाराचे आपण वंशज आहोत, अशी या कुटुंबाची समजूत होती. मोनिझ यांचे काका धर्मगुरू होते आणि तेच त्यांचे धर्मपिताही होते. त्यांच्या आग्रहावरून ते ऐतिहासिक नाव मुलाच्या नावाला जोडले गेले, आणि पुढे जगाने त्याच नावाने त्यांना ओळखले.

काकांच्या देखरेखीखाली प्राथमिक शिक्षण झाल्यावर त्यांना जेझुइट धर्मगुरूंच्या साऊँ फिएल येथील निवासी शाळेत घालण्यात आले. त्यानंतर त्यांनी कुईंब्रा या देशातील सर्वांत जुन्या विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले व १८९९ मध्ये पदवी मिळविली. गणिताची त्यांना विशेष आवड होती. लैंगिक जीवनाच्या शरीरशास्त्रावर व विकारांवर त्यांनी लिहिलेला प्रबंध १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो विषय त्या काळच्या कर्मठ समाजाला धक्का देणारा होता, तरी, किंवा कदाचित म्हणूनच, या ग्रंथाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या.

विद्यार्थिदशेतच, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांना गाऊट या संधिविकाराने गाठले. या दुखण्याने त्यांची बोटे हळूहळू वाकडी झाली आणि ते आयुष्यभर सुटले नाही. याचा परिणाम त्यांच्या संशोधनाच्या रीतीवर झाला. मोनिझ शल्यविशारद नव्हते, आणि सुई टोचणे किंवा धमनी उघडी करणे ही नाजूक कामे या हातांनी करणे त्यांना शक्यही नव्हते. कल्पना मोनिझ यांची आणि हात दुसऱ्याचे, असे त्यांच्या बहुतेक प्रयोगांचे स्वरूप राहिले.

पदवीनंतर ते फ्रान्समध्ये बोर्दो व पॅरिस येथे गेले. मज्जाविकारशास्त्राची त्या काळातील पंढरी म्हणजे पॅरिस. तेथे जोझेफ बाबिन्स्की, पियेर मारी, देझेरीन अशा दिग्गजांच्या रुग्णालयांत त्यांनी काम पाहिले. बाबिन्स्की यांच्याशी जडलेला स्नेह पुढे कसोटीच्या वेळी उपयोगी पडला. १९११ मध्ये, पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यानंतर, लिस्बन येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले. तेथील मज्जाविकारशास्त्राचे प्राध्यापकपद मोनिझ यांना देण्यात आले. ते त्यांनी निवृत्तीपर्यंत सांभाळले.

राजकारण

आज आश्चर्य वाटेल, पण वयाची पन्नाशी जवळ येईपर्यंत मोनिझ हे पोर्तुगालमध्ये डॉक्टर म्हणून जितके, तितकेच राजकारणी म्हणून परिचित होते. १९०३ पासून ते संसदेचे सदस्य होते. राजा कार्लुश याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, जानेवारी १९०८ मध्ये, सरकारविरुद्धचा एक उठाव फसला. त्यात सहभागी असल्याच्या कारणावरून त्यांना कैद झाली. त्यानंतर चारच दिवसांनी राजाची हत्या झाली. प्रजासत्ताकाच्या काळात त्यांनी स्वतःचा मध्यममार्गी पक्ष काढला. सिदोनियो पाइश यांच्या सत्ताकाळात ते माद्रिद येथे पोर्तुगालचे राजदूत झाले आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. पहिले महायुद्ध संपल्यावर पॅरिसच्या शांतता परिषदेत पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व आरंभी त्यांच्याकडेच होते. डिसेंबर १९१८ मध्ये पाइश यांची लिस्बनच्या रेल्वेस्थानकात हत्या झाली, सत्तेची समीकरणे बदलली आणि १९१९ मध्ये मोनिझ यांच्याऐवजी दुसरा नेता पाठविण्यात आला. त्यानंतर त्यांनी सक्रिय राजकारण सोडले.

वाहिनीचित्रणाचे प्रयोग सुरू झाले तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. बहुतेक संशोधकांची उमेद या वयात ओसरू लागते. मोनिझ यांचे खरे संशोधन या वयात सुरू झाले.

प्रश्न काय होता

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. हाड आणि मांस यांतील फरक त्यांनी लगेच दाखविला, पण कवटीच्या आत जे आहे ते त्यांना दिसेना. मेंदू, त्यातील गाठ आणि त्यातून वाहणारे रक्त या सर्वांतून क्ष-किरण जवळजवळ सारखेच पार होतात. त्यामुळे मेंदूत गाठ आहे अशी शंका आली तरी ती नेमकी कोठे आहे हे रुग्णाच्या लक्षणांवरून ताडावे लागे. १९१८ मध्ये अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांमध्ये हवा भरून छायाचित्र घेण्याची युक्ती काढली. ती उपयोगी होती. परंतु त्यासाठी कवटीला छिद्र पाडावे लागे, रुग्णाला असह्य डोकेदुखी व ओकाऱ्या होत आणि मेंदूतील दाब वाढलेला असल्यास जीवही जाई.

मोनिझ यांचा विचार वेगळ्या दिशेने गेला. मेंदूत सर्वत्र धमन्यांचे जाळे असते. क्ष-किरणांना अडविणारा एखादा द्रव मानेतील कॅरॉटिड धमनीत सोडला, तर रक्ताबरोबर तो क्षणात मेंदूभर पसरेल आणि त्याच क्षणी छायाचित्र घेतल्यास धमन्यांचा नकाशा उमटेल. गाठ असेल तर तिच्या भोवतीच्या धमन्या सरकलेल्या, ताणलेल्या दिसतील. म्हणजे गाठ स्वतः दिसली नाही तरी तिने शेजाऱ्यांना दिलेला धक्का दिसेल. कल्पना ऐकायला सोपी आहे. अडचण अशी की हा द्रव क्ष-किरणांना अपारदर्शक, रक्तात मिसळणारा आणि मेंदूला निरुपद्रवी, असा तिन्ही गुणांचा हवा होता. रक्तपुरवठ्यातील क्षणभराचा अडथळाही मेंदू सहन करीत नाही, हे मोनिझ यांना पुरते ठाऊक होते.

१९२७ चे प्रयोग

प्रारंभी त्यांनी ब्रोमाइडांचा विचार केला. ही द्रव्ये फेफऱ्यावरील औषधे म्हणून वापरात होती, त्यामुळे शरीर ती सहन करते हे माहीत होते. निरनिराळ्या क्षारांचे द्रावण नळ्यांत भरून, त्या कवटीत ठेवून, कोणते द्रावण किती तीव्र असता हाडाआडूनही दिसते याची पडताळणी करण्यात आली. मग कुत्र्यांवर आणि मृतदेहांच्या मस्तकांवर प्रयोग झाले. ही मस्तके शरीररचनाशास्त्राच्या संस्थेतून रुग्णालयातील क्ष-किरण यंत्रापर्यंत मोनिझ यांच्या खासगी मोटारीतून नेली जात. वाटेत अपघात झाला तर लोकांना काय सांगायचे, ही धास्ती संशोधकांना असे. मृतदेहांवरील या कामातून मेंदूतील धमन्यांची स्वाभाविक मांडणी क्ष-किरण चित्रात कशी दिसते, याचा पक्का आधार तयार झाला. विकृती ओळखण्यासाठी आधी प्रकृती ठाऊक असावी लागते. हे काम कंटाळवाणे होते, पण त्यावाचून पुढची चित्रे वाचताच आली नसती.

त्यानंतर लिस्बनच्या सांता मार्ता रुग्णालयात रुग्णांवर प्रयोग सुरू झाले. पेद्रो आल्मेदा लिमा हे तरुण सहकारी प्रत्यक्ष हातकाम करीत. पहिल्या काही रुग्णांना कातडीतून सुई टोचून स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड देण्यात आले. द्रावण धमनीबाहेर झिरपून वेदना होत आणि चित्रात काहीच उमटत नसे. म्हणून पुढे मानेवर छेद घेऊन धमनी उघडी करण्यात आली आणि रक्ताने द्रावण पातळ होऊ नये म्हणून तिचा प्रवाह काही क्षण थांबविण्यात आला. या रीतीने एका रुग्णाच्या चित्रात काही धमन्या अस्पष्टपणे दिसल्या. पण त्या रुग्णाच्या धमनीत रक्ताची गुठळी झाली आणि तो दगावला.

मोनिझ यांच्या चरित्रातील हा पहिला नैतिक पेच होय. आजच्या नियमांनुसार असा प्रयोग तेथेच थांबविला गेला असता आणि चौकशी बसली असती. त्या काळी रुग्णाची लेखी संमती, नीतिसमिती, या गोष्टी अस्तित्वात नव्हत्या. थांबायचे की पुढे जायचे हे संशोधकाने एकट्याने ठरवायचे असे. मोनिझ काही काळ थांबले आणि त्यांनी द्रव्य बदलले. ब्रोमिनपेक्षा आयोडिनचा अणू जड असल्यामुळे त्याचे द्रावण कमी तीव्रतेचे असूनही क्ष-किरण अधिक अडविते. सोडियम आयोडाइडचे २५ टक्क्यांचे द्रावण त्यांनी निवडले. त्याचाही पहिला वापर फसला. अखेर २८ जून १९२७ रोजी, पीयूषिका ग्रंथीजवळ गाठ असलेल्या एका तरुणाच्या चित्रात मेंदूच्या धमन्या स्पष्ट उमटल्या. या मालिकेतील तो नववा रुग्ण होता. गाठीमुळे धमन्या जागेवरून सरकलेल्या त्यात दिसत होत्या.

दुसऱ्याच आठवड्यात, ७ जुलै रोजी, मोनिझ यांनी पॅरिसच्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या सभेत ही चित्रे मांडली. पोर्तुगालसारख्या वैद्यकाच्या नकाशावर फारसे स्थान नसलेल्या देशातून आलेल्या, राजकारणी म्हणून अधिक ओळखल्या जाणाऱ्या माणसाचे म्हणणे कोण ऐकणार, ही शंका रास्त होती. परंतु सभेत वृद्ध बाबिन्स्की उपस्थित होते. त्यांनी या पद्धतीचे महत्त्व ओळखून तिची पाठराखण केली.

पुढील काही वर्षांत लिस्बन हे रक्तवाहिनीचित्रणाचे केंद्रच झाले. रेनाल्दो दोस सांतोस यांनी १९२९ मध्ये पोटातील महाधमनीचे चित्रण साधले. क्ष-किरणतज्ज्ञ परेरा काल्दास यांनी पाळण्यासारखे फिरणारे एक यंत्र तयार केले, त्यामुळे थोड्या सेकंदांत लागोपाठ अनेक चित्रे घेता येऊ लागली. त्यामुळे द्रव धमन्यांतून केशवाहिन्यांत आणि तेथून शिरांत कसा जातो, हा प्रवासही दिसू लागला. तोपर्यंत मेंदूतील रक्ताचा वेग अंदाजाचा विषय होता. १९३४ मध्ये मोनिझ यांनी या विषयावरील आपला मोठा ग्रंथ फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केला.

धमनीविस्फार प्रथम दिसला

धमनीच्या भिंतीचा एखादा दुबळा भाग रक्ताच्या दाबाने फुग्यासारखा फुगतो, त्यास धमनीविस्फार म्हणतात. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक वर्तुळ असते. त्यातील फाटे फुटण्याच्या जागी असे फुगे बहुधा होतात. बहुतेक आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. पण फुटल्यास मेंदूभोवती रक्तस्राव होतो, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू होते, आणि पुष्कळदा माणूस वाचत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हा विकार डॉक्टरांना माहीत होता, परंतु तो प्रामुख्याने शवविच्छेदनात किंवा गाठ समजून केलेल्या शस्त्रक्रियेत अवचित सापडत असे.

मोनिझ यांनी १९३३ मध्ये एका रुग्णाच्या उजव्या कॅरॉटिड धमनीवरील कवटीच्या आतील विस्फार वाहिनीचित्रणाने दाखविला आणि त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जिवंत माणसाच्या मेंदूतील विस्फार या पद्धतीने प्रथमच दिसला. गाठीसाठी शोधलेली पद्धत गाठीपेक्षा या विकारासाठी अधिक मोलाची ठरणार होती. कारण विस्फाराच्या बाबतीत तो आहे एवढे कळून भागत नाही. त्याची मान अरुंद आहे की रुंद, तो कोणत्या फाट्यावर आहे, त्यातूनच एखादी लहान धमनी निघते काय, यांवर उपचार अवलंबून असतात, आणि हे सर्व चित्रातच दिसते. त्याआधी १९३१ मध्ये एडिंबरो येथे नॉर्मन डॉट यांनी फुटलेल्या विस्फाराला स्नायूच्या तुकड्यांनी वेढून रुग्ण वाचविला होता. १९३७ मध्ये डँडी यांनी विस्फाराच्या मानेला चांदीची चाप लावून तो बंद केला. त्यानंतर अनेक दशके कवटी उघडून चाप लावणे हाच मुख्य उपचार राहिला, आणि चाप कोठे लावायची हे सांगणारी चित्रे मोनिझ यांच्या पद्धतीने घेतलेली असत.

थोरोट्रास्ट

सोडियम आयोडाइडच्या इंजेक्शनाने रुग्णाला वेदना होत. म्हणून १९३१ पासून मोनिझ व त्यांचे सहकारी थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य वापरू लागले. त्यात थोरियम डायऑक्साइड असे. चित्रे उत्तम येत, रुग्णाला काहीच त्रास होत नसे, त्यामुळे जगभर त्याचा प्रसार झाला. परंतु थोरियम किरणोत्सारी आहे आणि हे द्रव्य शरीराबाहेर टाकले जात नाही. ते यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत साठून राहते. वीस, तीस वर्षांनी अशा अनेक रुग्णांना यकृताचे कर्करोग आणि रक्ताचे विकार झाले. हे द्रव्य वापरणारे मोनिझ एकटे नव्हते आणि त्याचा पुरता घातक परिणाम उघड होण्याआधी बराच काळ गेला, हे खरे. तरीही रुग्णाला त्या क्षणी त्रास झाला नाही म्हणजे उपचार सुरक्षित ठरला, हा समज किती महाग पडतो याचे हे ठळक उदाहरण आहे. मोनिझ यांच्याच आयुष्यात त्याचे दुसरे उदाहरण पुढे येते.

फादर फारिया यांचा अभ्यास

गोमंतकीय वाचकांना मोनिझ यांच्याविषयी आपुलकी वाटावी असा एक धागा आहे. गोव्यातील बार्देश तालुक्यात कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले आणि पॅरिसमध्ये १८१९ मध्ये निधन पावलेले धर्मगुरू आबे फारिया हे संमोहनशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एक. संमोहनाची निद्रा ही संमोहकाच्या अंगातील एखाद्या चुंबकीय द्रवामुळे येत नाही. ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनातून, सूचनेच्या प्रभावाने येते, हे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या हयातीत त्यांची पॅरिसमध्ये टवाळीच अधिक झाली. मोनिझ यांना संमोहनात रस होता. त्यांनी १९२५ मध्ये फारिया यांच्या संमोहनाच्या इतिहासातील स्थानावर पोर्तुगीज भाषेत एक स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांना न्याय देण्याचा प्रयत्न केला. मूळच्या गोमंतकीय डॉक्टर दालगादो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फारियांवर लिहिले होते. मोनिझ यांच्यासारख्या प्रतिष्ठित प्राध्यापकाच्या ग्रंथाने त्या कामाला बळ मिळाले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी असलेला आबे फारियांचा पुतळा १९४५ मधील असून तो शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला आहे.

मोनिझ यांचे वाचन व लेखन वैद्यकापुरते नव्हते. कादंबरीकार झुलियो दिनीश यांचे चरित्र त्यांनी लिहिले. पत्त्यांच्या खेळाची त्यांना आवड होती आणि खेळण्याच्या पत्त्यांच्या इतिहासावरही त्यांनी पुस्तक लिहिले.

ल्युकोटॉमी आणि नोबेल

वाहिनीचित्रणासाठी मोनिझ यांचे नाव नोबेल पारितोषिकाकरिता १९२८ आणि १९३३ मध्ये सुचविले गेले होते; दोन्ही वेळा ते डावलले गेले. ही गोष्ट त्यांना लागली असावी. १९३५ मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय मज्जाविकार परिषदेत अमेरिकन संशोधक फुल्टन व जेकबसन यांनी चिंपांझींवरील प्रयोग मांडले. मेंदूचे पुढचे, म्हणजे ललाटखंडाचे, भाग काढल्यावर एका चिडखोर चिंपांझीचे वागणे शांत झाल्याचे त्यांत दिसले होते. मोनिझ त्या परिषदेस हजर होते. मानसिक रुग्णांत ठरावीक विचार मज्जातंतूंच्या त्याच त्या मार्गांवर अडकून बसतात, ते मार्ग तोडले तर रुग्ण मोकळा होईल, अशी त्यांची धारणा होती. या धारणेला प्रायोगिक आधार फारच तुटपुंजा होता.

परिषदेनंतर काही महिन्यांतच, १२ नोव्हेंबर १९३५ रोजी, आल्मेदा लिमा यांनी मोनिझ यांच्या सांगण्यावरून एका स्त्री-रुग्णाच्या कवटीला छिद्रे पाडून ललाटखंडातील श्वेतद्रव्यात मद्यार्क टोचला. नंतर त्यांनी ल्युकोटोम नावाचे उपकरण वापरले. त्याच्या टोकाशी तारेचा फास असून तो फिरवून मेंदूतील तंतू कापता येत. पहिल्या २० रुग्णांचे निष्कर्ष त्यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मते ७ बरे झाले, ७ सुधारले आणि ६ जणांत फरक पडला नाही. रुग्णांचे निरीक्षण मात्र फार थोड्या काळासाठी झाले होते. रुग्ण पुरविणारे मनोविकारतज्ज्ञ सोब्राल सीद यांचे मत उलट होते. रुग्ण शांत झालेले नसून मंद झाले आहेत असे त्यांना वाटले, आणि त्यांनी पुढे रुग्ण देण्याचे थांबविले. घरचाच हा आहेर मोनिझ यांनी मनावर घेतला नाही.

या ठिकाणी दोन शोधांतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. वाहिनीचित्रणात मोनिझ यांनी आधी मृतदेह आणि प्राणी यांवर पायरी-पायरीने काम केले, अपयश आले तेथे पद्धत बदलली, आणि यश चित्रात सर्वांना दिसण्यासारखे होते. ल्युकोटॉमीत प्राण्यांवरील तयारी त्यांनी केली नाही, आणि यश म्हणजे काय हे ठरविणारे ते स्वतःच होते.

अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन व जेम्स वॉट्स यांनी १९३६ मध्येच ही शस्त्रक्रिया सुरू केली व तिला लोबॉटॉमी हे नाव दिले. फ्रीमन यांनी १९४६ पासून डोळ्याच्या खोबणीतून अणकुचीदार साधन घालून ती काही मिनिटांत उरकण्याची पद्धत काढली. हजारो रुग्णांवर, पुष्कळदा त्यांच्या संमतीवाचून, ती केली गेली. त्यांतील अनेकांची भावना, पुढाकार आणि व्यक्तिमत्त्व कायमचे हरपले. मोनिझ यांनी फ्रीमन यांच्या पद्धतीचा अवलंब केला नव्हता, आणि त्यांच्या स्वतःच्या रुग्णांची संख्याही तुलनेने लहान होती. तथापि दार त्यांनी उघडले होते. त्या काळी मनोरुग्णालये तुडुंब भरलेली होती आणि परिणामकारक औषध एकही नव्हते, ही पार्श्वभूमीही विसरता येत नाही. १९४९ मध्ये त्यांना व स्वित्झर्लंडचे वॉल्टर हेस यांना नोबेल विभागून मिळाले. मोनिझ हे पहिले पोर्तुगीज नोबेल विजेते होत. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने ल्युकोटॉमीवर बंदी घातली, आणि १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध आल्यावर ती सर्वत्र मागे पडू लागली. शस्त्रक्रियेने उद्ध्वस्त झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी पुढे मोनिझ यांचे नोबेल काढून घेण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही.

अखेरची वर्षे

मार्च १९३९ मध्ये मोनिझ यांच्यावर त्यांच्याच दवाखान्यात एका मनोरुग्णाने गोळ्या झाडल्या. हा रुग्ण ल्युकोटॉमी झालेला होता असे पुष्कळदा लिहिले जाते, ते खरे नाही. मोनिझ गंभीर जखमी झाले, परंतु बरे होऊन पुन्हा काम करू लागले. १९४४ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले. नोबेल मिळाले त्याच वर्षी त्यांनी आपल्या संशोधनाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या, व पुढच्या वर्षी बालपण व आवांकाचे घर यांविषयीचे पुस्तक. त्यांना व त्यांच्या पत्नी एल्व्हिरा यांना मूलबाळ नव्हते. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बन येथे त्यांचे निधन झाले.

रक्तवाहिनीच्या आतून उपचार

मोनिझ यांच्या पद्धतीत मानेवर छेद घ्यावा लागे. १९५३ मध्ये स्वीडनचे सेल्डिंगर यांनी सुई व तारेच्या आधाराने धमनीत बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, सरकविण्याची रीत शोधली, आणि पुढे मांडीच्या धमनीतून मेंदूपर्यंत पोहोचणे शक्य झाले. नळीतून चित्रणाचा द्रव जातो, तर उपचाराचे साधन का जाऊ नये, हा प्रश्न मग ओघानेच आला. मॉस्कोतील बुर्देन्को संस्थेचे फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी नळीच्या टोकापासून सुटा करता येणारा लहान फुगा तयार केला व १९७४ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. १९९० मध्ये इटालियन शल्यविशारद ग्विदो गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिस येथे प्लॅटिनमच्या तारेची मऊ वेटोळी विस्फारात सोडून, सौम्य विद्युत्प्रवाहाने ती नळीपासून सुटी करण्याची पद्धत वापरात आणली. वेटोळ्यांमुळे फुग्यातील रक्त साकळते व तो आतून बंद होतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, फुटलेल्या विस्फारानंतर एका वर्षाने मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण चाप लावलेल्या गटात सुमारे ३१ टक्के, तर वेटोळी घातलेल्या गटात सुमारे २४ टक्के आढळले.

या चाचणीत अर्थातच दोन्ही उपचारांना योग्य असे विस्फारच घेतले होते. खरी कसोटी अवघड रचनेच्या विस्फारांची असते. मान रुंद असेल तर वेटोळी मूळ धमनीत घसरून ती बंद होण्याची भीती असते. त्यासाठी पॅरिसचे जाक मोरे यांनी मानेसमोर तात्पुरता फुगा फुगवून वेटोळी आत दाबून धरण्याची युक्ती काढली. नंतर जाळीदार स्टेंट आले. विस्फार फार मोठा असेल किंवा धमनीची सगळी भिंतच फुगलेली असेल, तर फुगा भरण्याऐवजी धमनीतच दाट विणीची नळी बसवितात. तिच्यामुळे रक्ताचा प्रवाह विस्फाराला वळसा घालून पुढे जातो, आत साचलेले रक्त कालांतराने साकळते आणि नळीवर नवे अस्तर तयार होते. अमेरिकेत अशा प्रवाहवळण साधनाला २०११ मध्ये मान्यता मिळाली. या साधनांबरोबर रक्त साकळू न देणारी औषधे घ्यावी लागतात, त्यामुळे नुकत्याच फुटलेल्या विस्फारात त्यांचा वापर जोखमीचा असतो. कोणता उपाय निवडायचा हे आजही आधी वाहिनीचित्र पाहून ठरते. ते चित्र आता संगणकावर कोणत्याही बाजूने फिरवून पाहता येते.

स्मृती

आवांका येथील मोनिझ यांच्या घराची १९१५ च्या सुमारास वास्तुविशारद एर्नेस्तो कोरोदी यांनी पुनर्बांधणी केली होती. १९६८ पासून ते संग्रहालय म्हणून खुले आहे. युरो चलन येण्यापूर्वी पोर्तुगालच्या १०,००० एस्कुदोच्या नोटेवर मोनिझ यांचे चित्र होते. विज्ञानातील नोबेल मिळविणारे ते आजवरचे एकमेव पोर्तुगीज आहेत. देशाला दुसरे नोबेल १९९८ मध्ये जोझे सारामागो यांच्या रूपाने साहित्यासाठी मिळाले.